नवे पॅड टाकले तरी ब्रेक पुन्हा ओरडतो? पॅडच्या आधी पिना बघा

पुढचे पॅड बदलून जेमतेम एक पावसाळा उलटतो आणि सिग्नलला थांबताना पुन्हा तीच ‘चींऽऽ’. गॅरेजवाला चाक न काढताच सांगून टाकतो, “साहेब, पॅड गेलेत.” मग पुन्हा पॅड, पुन्हा दोन-अडीच हजार, दीड-दोन महिने शांतता, आणि परत पहिले पाढे पंचावन्न. आमच्या रत्नागिरीकडे, खाऱ्या हवेत, हे जरा जास्तच होतं. पण पुण्या-मुंबईच्या गाड्याही यातून सुटलेल्या नाहीत. नेहमीच्या वापराच्या गाडीला वर्षभरात दुसऱ्यांदा पॅड लागत असतील, तर पॅडवर खर्च करणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. चोर बहुतेक वेळा कॅलिपरच्या, म्हणजे पॅड दाबणाऱ्या पकडीच्या, पिनेत दडलेला असतो.

पुढचं सगळं स्विफ्ट, वॅगन-आर, आय-टेन, टियागो अशा पुढे डिस्क (चाकाबरोबर फिरणारी तबकडी, जिला पॅड आवळतात) आणि मागे ड्रम असलेल्या गाड्यांना धरून लिहितोय. चारही चाकांना डिस्क असतील तर मागच्या कॅलिपरची रचना थोडी वेगळी असते, पण आवाज ओळखायची पद्धत तीच.

आवाज कसा येतो यापेक्षा कधी येतो

मेकॅनिककडे जाऊन “ब्रेकमधून आवाज येतो” एवढंच सांगितलं की तो पॅडच सांगणार, त्याचाही इलाज नाही. गाडी तिथे नेली की आवाज हमखास गप्प बसतो. म्हणून आधी आपणच लक्ष द्यायचं: ब्रेक दाबल्यावर येतो की न दाबताही येतो? गाडी थंड असताना की वीस-पंचवीस किलोमीटर चालल्यावर? पुढून की मागून?

बाजू ओळखायची सोपी युक्ती म्हणजे काचा खाली करून लांबलचक कंपाउंडच्या भिंतीकडेने हळू गाडी न्यायची. भिंतीवरून आवाज परत येतो आणि डावा-उजवा फरक लगेच कळतो. मागून आहे का हे बघायला रिकाम्या, सपाट मैदानात दहा-पंधराच्या वेगाला हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो हलकेच ओढायचा. बटण सोडायचं नाही, म्हणजे ब्रेक अडकून बसणार नाही. आवाज तेव्हाच आला तर गडबड मागच्या ड्रममध्ये आहे, आणि पुढच्या पॅडवर एक रुपयाही घालवायची गरज नाही.

सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला ‘खर्र’ आणि मग काही नाही, हा दोष नव्हेच. डिस्क बिडाची असते. रात्रभर पाऊस पडला किंवा वॉशिंग करून गाडी उभी ठेवली की तिच्यावर तांबूस थर चढतो आणि पॅड तो खरवडून काढतो. आठवडाभर उभ्या असलेल्या गाडीत हा आवाज जास्त वेळ टिकतो. काळजी करायची ती तो थर खरवडून गेल्यावरही आवाज राहिला तर.

चालत्या गाडीत बारीक शिट्टी वाजते आणि ब्रेकवर पाय ठेवला की ती बदलते किंवा थांबते, तर ती बहुधा पॅडवरच्या पत्र्याच्या जिभेची. पॅडचा मसाला, म्हणजे डिस्कला घासणारा थर, दोन-तीन मिलिमीटर उरला की ही पट्टी डिस्कला टेकते. ओरडायलाच बसवलेली असते ती. पण स्वस्तातल्या पुष्कळ पॅडना ही जीभ नसते, तेव्हा आवाज नाही म्हणजे पॅड शाबूत, असं धरून चालू नये.

फक्त ब्रेक दाबल्यावर आणि तेही गाडी थांबता थांबता ‘चींऽऽ’ होत असेल, तर पॅड आणि डिस्क यांच्यात बारीक थरथर चालू आहे. कारणं अनेक: पॅडचा चेहरा तापून गुळगुळीत झालाय, पॅडमागची शिम (पातळ पत्र्याची पट्टी) हरवलीय, पिना सुकल्यात. परत परत येणारा आवाज हाच. जाड ‘खर्रखर्र’ येऊन ती पेडलमध्येही जाणवत असेल तर मसाला संपून लोखंड लोखंडावर घासतंय. त्या गाडीने गॅरेजपर्यंतसुद्धा जाऊ नये; मेकॅनिकला घरी बोलवा.

बाकीचे भराभर सांगतो. कच्च्या रस्त्यावरून आल्यावर अचानक, ब्रेक न दाबताही खरखर सुरू झाली तर डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांच्यात खडा अडकलाय. गाडी थोडी मागे-पुढे केली तर पुष्कळदा पडतो, नाहीतर चाक काढून पत्रा हलकेच वाकवला की काम झालं. रिव्हर्स घेऊन पुढे जाताना पहिल्या ब्रेकला एकच ‘टक्’ वाजत असेल तर पॅड धरून ठेवणाऱ्या क्लिपा सैल आहेत किंवा मागच्या वेळी कुणी त्या बसवल्याच नाहीत. वेगाबरोबर वाढणारी आणि स्टिअरिंग वळवल्यावर कमी-जास्त होणारी घरघर ही व्हील बेअरिंगची असते. तिच्यापायी दोनदा पॅड बदललेले लोक मला माहीत आहेत. आणि जोरात ब्रेक मारताना, खडीवर किंवा ओल्या रस्त्यावर, पेडल पायाखाली धडधडून खडखड ऐकू आली तर तो एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, आपलं काम करतोय. त्या वेळी पाय उचलायचा नाही.

आतला पॅड आणि बाहेरचा पॅड

आता पिनांकडे. या गाड्यांच्या पुढच्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकच असतो, आतल्या बाजूला. पेडल दाबलं की तो आतला पॅड डिस्कवर रेटतो. मग त्याच दाबाने अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून सरकतो आणि बाहेरचा पॅड दुसऱ्या बाजूने ओढून आणतो. सगळा खेळ या सरकण्यावर. पिना सुकल्या किंवा गंजल्या की पावसाळ्यात फुगलेल्या दारासारखा कॅलिपर अडून बसतो. बाहेरचा पॅड नीट दाबत नाही, आतला एकटा राबतो, आणि पाय उचलल्यावरही पुरता सुटत नाही. तो तापतो, गुळगुळीत होतो, ओरडतो आणि लवकर संपतो.

यातली मेख अशी की चाकाच्या फटीतून डोकावल्यावर आपल्याला दिसतो तो बाहेरचा पॅड. तो छान जाड असतो. चाक न काढता “पॅड चांगले आहेत” किंवा “पॅड गेलेत” असं छातीठोक सांगणाऱ्यावर म्हणूनच माझा विश्वास नाही.

आमच्या गाडीचा डावा कॅलिपर हातखंब्याजवळच्या एका छोट्या गॅरेजात उघडला, तेव्हा वरची पिन दोन बोटांनी अलगद निघाली. खालची हलेना. मिस्त्रींनी लाकडाचा ठोकळा धरून चार-पाच हलके ठोके दिले तेव्हा ती करकरत बाहेर आली. अर्ध्या भागावर वाळलेलं, गूळमातीच्या रंगाचं ग्रीस, आणि टोकाला गंजाची अंगठी. तिच्या रबरी बुटाला, म्हणजे पिनेवरच्या टोपणाला, घडीत एक चीर होती, बुट ताणून धरल्याशिवाय दिसणार नाही इतकी बारीक. पाणी तिथूनच जात होतं. बाहेरच्या पॅडचा मसाला सात मिलिमीटरच्या आसपास, आतल्याचा दोनच्या खाली. डिस्कच्या बाहेरच्या अंगावर नख फिरवलं तर गुळगुळीत, आतल्या अंगावर नख रेघांत अडकत होतं. “नवे पॅड घातले असते तर हेच परत झालं असतं, काय?” मिस्त्री म्हणाले, आणि पिन पॉलिश पेपरने घासायला बसले.

इथे आणखी एक घोळ होतो, आणि आवाज परत परत येण्याचं खरं कारण माझ्या मते तोच आहे. पिनांना ग्रीस लावतात, पण बेअरिंगचं साधं ग्रीस. ते पेट्रोलियमचं असतं आणि कॅलिपरमधलं रबर त्याने फुगतं. महिना-दोन महिने सगळं लोण्यासारखं चालतं, मग फुगलेलं रबर पिन आवळून धरतं आणि मालक म्हणतो, “ग्रीस मारूनही उपयोग नाही.” इथे ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच लागतं. त्याची छोटी ट्यूब किंवा पाऊच स्वतः घेऊन जा, कारण छोट्या गॅरेजात ते नसण्याचीच शक्यता जास्त. लावायचं तेही पातळ. भोकात गच्च भरलं तर आत हवा कोंडून पिन परत अडते. काही गाड्यांत दोन पिनांपैकी एकीच्या टोकाला रबरी बुश असतो. तिथे वरची खाली आणि खालची वर बसवली तरी आवाजाला आमंत्रण.

पिनांबरोबर पॅडचे दोन कानही बघायचे. ते ज्या खाचेत बसतात तिथे स्टीलच्या क्लिपा असतात. क्लिपेखाली गंज धरला की ती उचलली जाते आणि पॅड खाचेत घट्ट होतो. किनाऱ्यावरच्या गाड्यांत हे सर्रास. क्लिप काढून खालचा गंज तारेच्या ब्रशने साफ केला की नवा पॅड हाताने सरकला पाहिजे. हातोडीने ठोकून बसवावा लागत असेल तर काम अर्धवट आहे. शेवटी पिस्टन सावकाश मागे दाबून बघायचा. तो हटूनच बसला, किंवा त्याचं रबर फाटून आत गंज दिसला, तर सील किट (पिस्टनच्या रबरांचा संच) टाकावं लागेल आणि ते मात्र जाणत्या हातांचं काम.

चाक न काढता संशय पक्का करायचा असेल तर मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस किलोमीटर, शक्य तितका कमी ब्रेक वापरून जा आणि थांबल्यावर पुढच्या दोन्ही चाकांजवळ तळहात न्या. डिस्कला हात लावायचा नाही, भाजेल. एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागलं तर तो ब्रेक सुटत नाहीये. सपाट रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते का आणि ॲव्हरेज उतरलंय का, हेही त्याच्याबरोबर जुळवून बघा.

ऐंशीच्या पुढे थरथरणारं स्टिअरिंग

याला सगळे “डिस्क बेंड झाली” म्हणतात. डिस्क खरोखर वाकलेली क्वचितच असते. तिची जाडी जागोजागी कमी-जास्त झालेली असते, किंवा ती हबवर, म्हणजे चाक जिथे बसतं त्या भागावर, सरळ बसलेली नसते. हबच्या तोंडावर गंजाचा पापुद्रा राहिला आणि त्यावरच नवी डिस्क चढवली, तर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा फरकसुद्धा स्टिअरिंगला जाणवतो. चाकाचे नट एअर गनने एकामागून एक करकचून आवळल्यानेही हेच होतं. नट समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने, आणि शेवटी टॉर्क पान्याने आवळायला सांगा. आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो.

लेथवर डिस्क फेस मारून घेण्याआधी तिच्यावर कोरलेली किमान जाडी वाचा. तासल्यावर त्याच्या खाली जाणार असेल तर तासू नका. लहान गाड्यांच्या डिस्क फार महाग नसतात. तासणावळ, मजुरी आणि दोन खेपा धरल्या तर पुष्कळदा नवी जोडीच परवडते.

घाट आणि नवे पॅड

कोल्हापूरहून आंबा घाट उतरताना पुढच्या गाडीच्या ब्रेकचे दिवे साखरप्यापर्यंत विझत नाहीत, असे चालक रोज दिसतात. पॅडचा चेहरा काचेसारखा होतो तो तिथे. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेक दाबून सोडायचा, त्यावर पाय टेकून बसायचं नाही. करपल्याचा वास आला तर सुरक्षित जागा बघून थांबा आणि डिस्क आपोआप निवू द्या. वर पाणी ओतू नका.

नवे पॅड टाकल्यावर त्यांना डिस्कशी जुळवून घ्यायला लागतं, आणि गॅरेजमध्ये हे सहसा कुणी सांगत नाही. मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगावरून वीसपर्यंत, मध्यम दाबाने, आठ-दहा वेळा. प्रत्येक वेळी मध्ये अर्धा किलोमीटर निवायला. या काळात गाडी पूर्ण थांबवून ब्रेक दाबून धरायचा नाही. हे न केलेले उत्तम कंपनीचे पॅडही पहिल्या महिन्यातच ओरडतात. पॉलिश पेपरने पॅड घासून देणं हा गॅरेजचा लाडका उपाय. त्याने आठवडाभर शांतता मिळते. पिना तशाच असतील तर आठवा दिवस उजाडतोच.

पैशांचा हिशेब

लहान गाडीला, साधारण आणि गावोगाव थोडंफार इकडेतिकडे: पुढच्या पॅडचा संच १,२०० ते २,५०० रुपये. डिस्क प्रत्येकी १,५०० ते ३,०००. मागचे ब्रेक शू, म्हणजे लायनर, १,००० ते २,०००. पिना आणि बुटांचं किट काहीशे रुपये. दोन्ही पुढची चाकं उघडून पिना साफ करून ग्रीस लावण्याची मजुरी बाहेरच्या गॅरेजात ३०० ते ७००. कंपनीच्या वर्कशॉपात जास्त, आणि मजुरीवर १८ टक्के जीएसटी. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, एवढं एक काम केलं तर पॅड आणि डिस्क मिळून सहा-आठ हजारांचा फटका बरीच वर्षं लांबतो. माझ्या लेखी ब्रेकवरचा सगळ्यात शहाणा खर्च हाच.

बिलात “ब्रेक क्लीनिंग” असं दिसलं की एकच प्रश्न विचारा: पिना बाहेर काढल्या होत्या का? पुष्कळ ठिकाणी चाक काढून स्प्रे मारतात आणि झालं. जॉब कार्डवर स्पष्ट लिहून घ्या: “पुढच्या दोन्ही कॅलिपरच्या पिना काढून साफ करून सिलिकॉन ग्रीस लावणे, आतल्या व बाहेरच्या पॅडची जाडी कळवणे, जुने पार्ट परत देणे.” हे तिसरं वाक्य जादूचं आहे. समोर उभं राहणं जमत नसेल तर उघडलेल्या कॅलिपरचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा, आजकाल कुणी नाही म्हणत नाही.

वॉरंटीत गाडी असेल तोवर अधिकृत वर्कशॉपच बरं. नंतर पार्ट अधिकृत काउंटरवरून किंवा बॉश, राणे, टीव्हीएस गर्लिंग अशा नावांचे, पक्क्या बिलावर, ओळखीच्या दुकानातून घ्यायचे आणि मजुरीपुरता विश्वासातला मिस्त्री गाठायचा. छापील किमतीच्या निम्म्यात कोणी “ओरिजिनल” पॅड देत असेल तर नमस्कार करून निघा. पॅड आणि डिस्क बदलताना दोन्ही बाजूंचे एकदमच बदलायचे. एका बाजूला वाचवलेले पैसे गाडी एकीकडे ओढायला लागली की वसूल होतात.

ब्रेक ऑइलचंही यातच. ते हवेतली आर्द्रता शोषून घेतं आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ४ प्रतीच्या ऑइलसाठी हा बिंदू किमान, कोरडं असताना २३० अंश सेल्सिअस, पाणी शोषल्यावर १५५. उतारावर तापलेल्या ब्रेकमध्ये हा फरक जिवावर बेतू शकतो. दर दोन वर्षांनी बदला; ऑइल आणि मजुरी मिळून खर्च हजाराच्या आतबाहेर. टाकीतली पातळी हळूहळू उतरत असेल तर बहुधा पॅड झिजतायत. तिथे वरून ऑइल ओतत राहिलं, तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे दाबला की ते उतू जाऊन बॉनेटखालचा रंग खातं. पातळी एकाएकी खाली गेली तर मात्र गळती आहे. गाडी हलवू नका.

घरी करणाऱ्यांसाठी

सपाट जमीन, मागच्या चाकांना दगड, आणि गाडीखाली स्टँड. नुसत्या जॅकवर नाही. सुटा केलेला कॅलिपर होजवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर, लोंबकळत ठेवायचा नाही, तारेने बांधायचा. ब्रेकची धूळ हवेने उडवायची नाही, तोंडाला मास्क. पुसायला ब्रेक क्लीनर. डिझेल, रॉकेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे डिस्कजवळ फिरकू द्यायचा नाही. ग्रीसचं बोट मसाल्याला लागलं तर तो पॅड बाद समजा. आणि सगळं बसवून झाल्यावर गाडी सुरू करायच्या आधी पेडल दहा-बारा वेळा दाबून कडक करा. पिस्टन मागे दाबलेला असतो, त्यामुळे पहिल्या दाबाला पेडल सरळ तळाला जातं. फाटकाबाहेर पडून उतारावर हे कळण्यात अर्थ नाही.

गावी उभ्या राहणाऱ्या गाड्यांचं दुखणं मागे असतं. गणपतीला हँडब्रेक ओढून ठेवलेली गाडी थेट शिमग्याला काढली की लायनर ड्रमला चिकटलेले सापडतात. अशी गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा, हँडब्रेक मोकळा सोडा, आणि गावात कोणी भरवशाचं असेल तर आठवड्याला एक फेरी मारायला सांगा.

इतकं सगळं करूनही, पिना मोकळ्या, डिस्क सरळ, क्लिपा जागेवर असूनही, हळू वेगात बारीक ‘चीं’ राहिली तर तो पॅडच्या मसाल्याचा स्वभाव. धातूचं प्रमाण जास्त असलेले पॅड उष्णता चांगली सोसतात पण बोलतात जास्त. सिरॅमिक किंवा सेंद्रिय मसाल्याचे शांत असतात. शहरातल्या शहरात फिरणाऱ्याने पुढच्या खेपेला शांत पॅड घ्यावेत. रोज आंबा किंवा कुंभार्ली घाट उतरायचा असेल तर मी थोडा आवाज चालवून घेईन.